नागोयाचा चित्रकार आणि आमची मुले

८ मार्च २०२४ हा महाशिवरात्रीचा दिवस होता. गंगा तलावाहून पांढऱ्या कपड्यांतले यात्रेकरू घरोघर परतत होते आणि आम्ही ओसरीवर चहा घेत बसलो होतो. इतक्यात शेजारचा मुलगा आला. वय वर्षे सोळा, एके काळी आमच्याच वर्गात मराठीची मुळाक्षरे गिरवलेला. डोळे लाल झालेले पाहून आम्ही घाबरलो आणि विचारले, “कोण गेले रे?” तो म्हणाला, “तोरियामा गेले, गुरुजी.” आम्हांला वाटले, त्याच्या वडिलांच्या कामावरचे कोणी जपानी साहेब असतील. म्हणून आम्ही रीतीप्रमाणे विचारले, “किती वर्षांचे होते? आजारी होते का?” त्याने आमच्याकडे असे काही पाहिले की, एवढे शिकूनही गुरुजी अडाणीच राहिले, असे त्याला वाटले असावे.

ज्या वाचकांच्या घरी दहा ते चाळीस वर्षांच्या दरम्यानचे कोणी आहे, त्यांना हे नाव सांगावे लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. अकिरा तोरियामा हे जपानचे चित्रकथाकार. १ मार्च २०२४ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले, आणि ती बातमी आठवड्याने, त्या शिवरात्रीच्या दिवशी, जगाला कळली. ‘ड्रॅगन बॉल’ ही त्यांची चित्रकथा. उभ्या केसांचा, नारिंगी कपड्यांतला तो गोकू ज्याने कधीच पाहिला नाही असा पोरगा मॉरिशसभर शोधूनही मिळणार नाही. आपल्याकडे तो फ्रेंच बोलतो. फ्रान्समध्ये १९८८ पासून तो दूरदर्शनवर दिसू लागला आणि १९९३ पासून फ्रेंच पुस्तकांतून छापला जाऊ लागला. त्यामुळे आमच्या पुष्कळ मुलांना तो जपानी आहे हे उशिराच कळले.

त्या मुलाचे रडणे आमच्या मनात राहिले. आमच्या पिढीने सिनेमाचे नट गेले म्हणून डोळे पुसले आहेत. पण चित्रे काढणाऱ्या माणसासाठी रडलेले मूल आम्ही पहिल्यांदाच पाहिले. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “मी त्यांच्यामुळे काढायला लागलो.” म्हणजे हा मुलगा चित्रे काढतो, हे आम्हांला ठाऊक होते. ते कसे ठाऊक होते, तेही पुढे सांगू.

आधी या मुलाचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी साडेसहाला बस. दुपारपर्यंत शाळा. मग गणित, पदार्थविज्ञान आणि अर्थशास्त्र यांची शिकवणी. घरी यायला दिवेलागण होते. जेवण झाले की आईच्या समजुतीप्रमाणे तो अभ्यासाला बसतो, आणि खरे म्हणजे मावसभावाने दिलेल्या जुन्या टॅब्लेटवर बोटाने रेघा ओढतो. रात्री अकराला ते चित्र तो फोनवरून जगापुढे ठेवतो. कोणी अंगठा दाखवतो, कोणी लाल बदाम पाठवतो, ब्राझीलमधला कोणी अनोळखी मुलगा आगीचे चिन्ह पाठवतो. तासाभरात ते चित्र इतर लाखो चित्रांच्या खाली बुडून जाते. सकाळी पुन्हा साडेसहाची बस. “गुरुजी,” तो आम्हांला म्हणाला, “सगळे छान म्हणतात. पण पुढे काय करू ते कोणी सांगत नाही.”

त्याच्या आईचे गाऱ्हाणे निराळे. तिच्या सासऱ्यांनी ऊसाच्या मळ्यात जन्म काढला, नवऱ्याने बस चालवून घर बांधले, आणि आता मुलगा लॉरिएट नाही तर नाही, निदान सरकारी नोकरीपुरता तरी शिकावा, एवढीच तिची इच्छा. “गुरुजी, तुम्हीच त्याला समजावा. रात्रंदिवस माकडे काढतो.” माकडे हा शब्द तिने रागाने वापरला, पण तो चुकीचा नाही. गोकूला लहानपणी खरोखरच शेपूट आहे.

त्या शेपटीची कथा आपल्या घराजवळून जाते. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू धर्मग्रंथांसाठी हिंदुस्थानात आला. तो महाराष्ट्रातही फिरला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे आणि तिथल्या मानी लोकांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या प्रवासावर पुढे चिनी लोकांत कथा रचल्या गेल्या आणि सोळाव्या शतकात त्यांची मोठी कादंबरी झाली. तिच्यात भिक्षूचा रक्षक म्हणून एक अचाट वानर चालतो. त्याचे चिनी नाव सुन वुकोंग, आणि तेच नाव जपानी लोक सोन गोकू असे वाचतात. या वानराच्या मुळाशी आपला मारुती आहे असे काही विद्वान म्हणतात, काही नाही म्हणतात. तोरियामांनी १९८४ मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ सुरू केली ती याच कादंबरीचा धागा धरून. हे आम्ही त्या माउलीला सांगितले. ती म्हणाली, “मारुतीने परीक्षा दिली असती का?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढे त्या मुलाला काय सांगावे या विचाराने आम्ही तोरियामांचे चरित्र वाचायला घेतले. बुद्धिमान बालक, कष्टाळू आई, मग यश, असे काहीतरी मिळेल आणि ते वर्गात सांगता येईल, अशी आमची अपेक्षा होती. मिळाले ते वेगळेच.

तोरियामांचा जन्म ५ एप्रिल १९५५ चा, नागोया शहराचा. नागोया म्हणजे तोकियो आणि ओसाका यांच्या मधले मोठे औद्योगिक शहर. तोयोताचे माहेर शेजारीच आहे आणि मोटारी परदेशी पाठवणारे जपानमधले सर्वांत मोठे बंदर नागोयाचेच. आपल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या जुन्या जपानी गाड्यांतल्या कित्येकींनी त्या मुलखाचा धूर आधी पाहिलेला असेल. तिथला राजवाड्यासारखा किल्ला १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाला आणि १९५९ मध्ये सिमेंटचा उभा राहिला. एकूण गाव कामाचे. कलावंतांनी तोकियोला जावे, असाच तिथलाही रिवाज.

लहानपणी या मुलाने डिस्नेचा एकशेएक ठिपकेवाल्या कुत्र्यांचा चित्रपट पाहिला. त्यावर काढलेल्या चित्राला चित्रकलेच्या वर्गात बक्षीस मिळाले आणि तेव्हापासून हात थांबला नाही. पुढे तो डिझाइन शिकवणाऱ्या औद्योगिक शाळेत गेला. आईवडिलांची इच्छा त्याने पुढे शिकावे अशी होती. तो म्हणाला, नको, मी नोकरी करतो. आणि नागोयाच्याच एका जाहिरात कंपनीत लागला. तिथे पत्रके आणि जाहिरातींची चित्रे काढणे हे काम. हात चांगला होता, तेव्हा कामाची अडचण नव्हती. अडचण होती ती सकाळी उठण्याची. उशिरा येतो आणि साधेच कपडे घालून येतो म्हणून बोलणी बसत. तीनएक वर्षे काढली आणि नोकरी सोडली.

म्हणजे हिशेब असा : वय तेवीस, विद्यापीठाचे शिक्षण नाही, बरी नोकरी सोडलेली, दुसरी हातात नाही. आपल्या वाकवा-कात्र बोर्नमधल्या कोणत्याही घरी असा मुलगा असता तर जेवणाच्या टेबलावर त्या घरात काय बोलणे झाले असते, हे आम्ही वेगळे लिहीत नाही. वाचकांना ते पाठ आहे.

नागोयाकडे कॉफीच्या दुकानांचे मोठे प्रस्थ आहे. सकाळी नुसत्या कॉफीच्या पैशांत सोबत टोस्ट आणि उकडलेले अंडे देतात, आणि गिऱ्हाइकांनी रेंगाळावे म्हणून कपाटात मासिके ठेवतात. आमच्या शेजारचा मुलगा रात्री फोनमध्ये जसा हरवतो, तसाच तोही बेकार तरुण या दुकानांत बसत असणार. तिथे त्याने एक चित्रकथांचे साप्ताहिक उघडले. त्यात नवोदितांसाठी स्पर्धा होती आणि बक्षिसाची रक्कम होती. कलेची सेवा वगैरे विचार त्याच्या मनात नव्हता. त्याला पैसे हवे होते, हे त्याने स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. पण चित्रकथा पुरी होईपर्यंत त्या स्पर्धेची मुदत टळली. (उशिरा उठणाऱ्याचे दुसरे काय होणार!) म्हणून त्याने ती दुसऱ्या साप्ताहिकाकडे, ‘शोनेन जंप’कडे वळवली. तिथे दर महिन्याला स्पर्धा असे.

बक्षीस मिळाले नाही. एक चित्रकथा तर ‘स्टार वॉर्स’ या सिनेमाची थट्टा होती आणि थट्टा-नक्कल नियमात बसत नव्हती. पण तोकियोच्या त्या कचेरीत काझुहिको तोरिशिमा नावाचा एक तरुण संपादक होता. नोकरीला लागून दोनच वर्षे झालेला, लहानपणी चित्रकथा फारशा न वाचलेला. नाकारलेल्या ढिगातल्या या पानांवरची अक्षरे फार सुबक आहेत, हे त्याच्या नजरेत भरले. धडाम, धुडूम असे आवाज इतर जण जपानी लिपीत काढत, याने ते इंग्रजी अक्षरांत रेखले होते. तीन वर्षे जाहिराती काढलेला हात त्यात दिसत होता. ज्या नोकरीला कंटाळून तो पळाला, तिनेच त्याला ओळख मिळवून दिली. तोरिशिमाने कळवले, काढत राहा, माझ्याकडे पाठवत राहा.

आणि मग तो प्रत्येक वेळी नाही म्हणत राहिला.

जपानी संपादकांच्या बोलीत नाकारलेल्या मजकुराला ‘बोत्सु’ म्हणतात. म्हणजे बाद, टाकून द्या. १९७८ च्या अखेरीस ‘वंडर आयलंड’ ही तोरियामांची पहिली गोष्ट छापली गेली. एका विचित्र बेटावर अडकलेल्या आणि घरी परतू पाहणाऱ्या वैमानिकाची ती गोष्ट. ‘शोनेन जंप’मध्ये वाचक कार्ड पाठवून कोणती गोष्ट आवडली ते कळवतात, त्यात ही शेवटची आली. (बेटावरच्या गोष्टीला शेवटचा नंबर मिळालेला पाहून आम्हांला उगीचच वाईट वाटले.) त्यानंतरच्या वर्षभरात त्यांची सुमारे ५०० पाने बाद झाली. पाचशे! शाईने, हाताने काढलेली. वाचकांनी शंभर पानांची आमची शाळेची वही डोळ्यांपुढे आणावी आणि तशा पाच वह्या भरून कचऱ्यात टाकलेल्या पाहाव्यात.

आम्ही इथे वाचताना थांबलो. कारण या दोघांतला क्रूर कोण आणि दयाळू कोण, ते कळेना. नाकारणे तर सोपे असते. आम्हीही नाकारतो. परंतु पाचशे पाने नाकारायची तर आधी पाचशे पाने वाचावी लागतात. एका अनोळखी, बेकार, दूरच्या शहरातल्या मुलाची पाने दर वेळी उघडून, इथे गोष्ट अडते, हा माणूस कोण ते कळत नाही, पुन्हा काढ, असे सांगायचे, हे काम तोरिशिमाने केले. मुलगी नायिका करून पाहा, असे त्यानेच सुचवले. तोरियामांना ते पसंत नव्हते, तरी १९७९ मध्ये त्यांनी एका मुलगी-गुप्तहेराची गोष्ट काढली आणि ती वाचकांना आवडली. पुढे ‘डॉक्टर स्लंप’ जुळवताना तोरियामांनी एका वेंधळ्या संशोधकाला नायक केले होते. त्याने बनवलेली यांत्रिक मुलगी आराले एकाच भागात येऊन जायची होती. संपादक म्हणाला, नाही, हीच नायिका. १९८० मध्ये ती मालिका सुरू झाली, १९८१ मध्ये तिला शोगाकुकान पुरस्कार मिळाला, आणि जाड चष्म्याची ती मुलगी साऱ्या जपानच्या घरांत शिरली.

सूड मात्र तोरियामांनी घेतला. ‘डॉक्टर स्लंप’मध्ये मशिरितो नावाचा एक दुष्ट शास्त्रज्ञ आहे. संपादकाचे नाव तोरिशिमा. आता तो-रि-शि-मा ही अक्षरे उलटी वाचा : मा-शि-रि-तो. चेहराही संपादकाचाच. आणि संपादकाने ते छापले! आम्हांला या सगळ्या चरित्रात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच. आमच्या वर्गातल्या एखाद्या पोराने आमचे नाव उलटे करून राक्षसाला दिले असते तर आम्ही काय केले असते, याचा विचार करून आम्ही थोडे गप्प झालो.

गोष्ट नागोयाची आहे म्हणून आणखी एक सांगितले पाहिजे. नाव झाल्यावरही तोरियामा तोकियोला गेले नाहीत. नागोयाला लागूनच कियोसु आहे, ओदा नोबुनागा या सेनानीच्या किल्ल्यासाठी इतिहासात प्रसिद्ध असलेले. तिथेच ते राहिले, तिथूनच काढत राहिले. दर आठवड्याला पाने पुरी करायची आणि विमानाने तोकियोला रवाना करायची, उरलेले बोलणे टेलिफोनवर. ‘डॉक्टर स्लंप’मध्ये परग्रहावरून आलेला एक राजा आहे, तो चक्क नागोयाच्या बोलीत बोलतो. तोकियोकरांना ती बोली गावंढळ वाटते. आपल्याकडची कोकणी वळणाची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे कसे हसतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या राजाची गंमत लगेच कळेल.

‘ड्रॅगन बॉल’ १९८४ ते १९९५ चालली, ५१९ भाग, ४२ पुस्तके. त्याच काळात, १९९५ च्या आरंभी, ‘शोनेन जंप’चा खप आठवड्याला ६५ लाखांवर गेला होता. पण आकड्यांपेक्षा आम्हांला एक लहानशी हकीकत मोलाची वाटते. गोकू संतापला की त्याचे काळे केस सोनेरी होतात. आमची मुले यावर तासन् तास चर्चा करतात, शक्ती, तेज, कुळ वगैरे. तोरियामांनी सांगितलेले कारण असे की काळे केस शाईने भरण्यात मदतनिसाचा फार वेळ जाई, सोनेरी केस म्हणजे कागद कोरा सोडला की झाले. उशिरा उठणाऱ्या माणसाची ती जुनी खोड जगभरच्या मुलांना दैवी चमत्कार होऊन भेटली.

आता आमचे. त्या मुलाची चित्रे आम्हांला कशी ठाऊक होती, ते सांगतो असे म्हटले होते. तो पाचवीत असताना त्याच्या मराठीच्या वहीच्या मागच्या बाजूने चित्रे सुरू झाली होती. पुढून शुद्धलेखन, मागून माणसे, घोडे, उडणाऱ्या गाड्या. दोन्ही बाजू वहीच्या मध्यावर येऊन भिडल्या तेव्हा आम्ही ती वही घेतली आणि कपाटात ठेवली. वर्षअखेरीला परत दिली. त्या वहीत आम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या किती चुका काढल्या होत्या ते लाल शाईत जागोजाग दिसत होते. मागच्या बाजूला लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता.

अध्यापनाच्या शिक्षणात आम्हांला चित्रे वापरायला शिकवले होते. आंब्याचे चित्र दाखवून आ काढून घ्यायचा, घराचे चित्र दाखवून घ. मुलांनी काढलेल्या चित्राखाली ‘छान’ लिहून एक चांदणी काढायची, हेही शिकवले होते. पण मुलाने काढलेले चित्र वाचायचे कसे, त्यात अडते कुठे, ते त्याला कसे सांगायचे, हे आम्हांला कोणी शिकवले नाही आणि आम्ही शिकूनही घेतले नाही. वर्गात आम्ही चांदणी दिली, फोनवर त्याला बदाम मिळाला. दोन्हींत फरक तो काय?

महाशिवरात्रीनंतरच्या एका रविवारी आम्ही त्याला बोलावले आणि म्हणालो, “दाखव.” त्याला खरे वाटेना. मग टॅब्लेट आणला. आठ पानांची गोष्ट होती. लग्नाच्या हळदीत घरातून पळालेला नवरामुलगा ल मॉर्नच्या डोंगरावर जाऊन बसतो आणि त्याची आजी त्याला शोधत वर चढते. रेघ आम्हांला समजत नाही, हे आम्ही आधीच कबूल केले. पण गोष्ट समजते. आम्ही म्हणालो, “तिसऱ्या पानावर बोलतो कोण? आम्हांला आजी वाटली, मग मामा वाटला.” तो चिडला. म्हणाला, ते उघड आहे. आम्ही म्हणालो, तुला उघड आहे, आम्हांला नाही. पाचव्या पानावर आजी एकदम शिखरावर कशी पोचली तेही विचारले, कारण आमची आजी असती तर वाटेत तीनदा बसली असती. तो तोंड पाडून गेला. त्याच्या आईला वाटले, गुरुजींनी अखेर समजावले.

दोन आठवड्यांनी तो परत आला. आजी आता वाटेत बसते. एकदा दगडावर बसते, एकदा फिलाओच्या झाडाखाली, आणि तिसऱ्यांदा बसते तेव्हा पिशवीतून थर्मास काढते. त्या थर्मासच्या पानावर आम्ही मोठ्याने हसलो आणि आतून आमच्या सौभाग्यवतीही पाहायला आल्या. आठ पानांची गोष्ट अकरा पानांची झाली होती.

आता तो एच.एस.सी.च्या वर्गात आहे. चित्रकला हा विषय त्याने घेतलेला नाही, अर्थशास्त्रच घेतले आहे. आईशी झालेल्या तहात तसे ठरले. शिकवणी सुरू आहे, बसही साडेसहाचीच आहे. महिन्यातून एका रविवारी तो पाने घेऊन येतो आणि आम्ही चष्मा लावून बसतो. त्याच्या नव्या गोष्टीत एक जाडा, टक्कल पडलेला, लाल पेन कानावर ठेवणारा भूत आहे. त्याचे नाव आम्ही अजून उलटे वाचून पाहिलेले नाही. तिसऱ्या पानावर बोलतो कोण, ते मात्र अजूनही कळत नाही, आणि तसे आम्ही त्याला गेल्या रविवारी सांगितले.